कर्मचाऱ्याशी नाते नसल्याबाबत

पुण्यातल्या एका बऱ्यापैकी कंपनीत बऱ्यापैकी हुद्द्यावर असलेले ओमप्रकाश दिवाळीच्या सुट्टीत सपत्नीक परभणीला आले आणि हॉटेलात उतरले. त्यांचं गाव पेडगाव तिथून जवळच. पण घरी कमोड नव्हता आणि याबाबत पत्नी राजेश्रीबाईंचं धोरण स्पष्ट होतं. म्हणून धुरपदाबाईंना, म्हणजे ओमप्रकाशांच्या आईला, 'यंदा सुट्टी नामंजूर झाली' असं फोनवर कळवण्यात आलं होतं.

गावाकडची ओढ मात्र सुटता सुटत नाही. तेव्हा संध्याकाळी दोघं पेडगावच्या शिवारातल्या 'मायेचा घास' या ग्रामीण भोजन केंद्रात गेले. पुढे सारवलेलं अंगण, मागे वाहनतळ, आणि बाजेवर बसायचं असल्यास पूर्वनोंदणी आवश्यक.

व्यवस्थापक हरिओम टॅब घेऊन हजर झाला. "साहेब, आग्रह कुठला लावू? साधा, मध्यम, की शपथेचा?"

"म्हणजे?"

"साध्यात वाढणारी माय एकदाच विचारते. मध्यममध्ये तीनदा, 'किती वाळलास रे' धरून. शपथेच्यात नाही म्हणायची सोय नाही."

राजेश्रीबाईंचं डाएट चालू होतं. दोघांना साधा ठरला.

ताटं आली. ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, हिरवा ठेचा. राजेश्रीबाईंनी तीन बाजूंनी फोटो काढले आणि 'आपल्या मातीत' असं लिहून टाकलेसुद्धा. तेवढ्यात भाकरीची टोपली घेऊन 'माय क्र. ३' असा बिल्ला लावलेल्या बाई आल्या. ओमप्रकाशांनी मान वर केली आणि घास तोंडातच राहिला. धुरपदाबाईच होत्या.

"माय? तू इथं?"

"सुट्टी नामंजूर झालेली पोरं इथंच जेवायला येतेत, असं गावात समजलं," धुरपदाबाई शांतपणे म्हणाल्या. "म्हणून लागले कामाला. भाकर वाढू का? एकदाच इचारता येतंय, साधा लिवलाय तुमाला."

हरिओमच्या कानावर 'माय? तू इथं?' गेलं होतं. तो धावत आला. "साहेब, या तुमच्या नात्यात आहेत? मग अडचण आहे. नियम सात. कर्मचाऱ्याच्या नातेवाइकाला इथं जेवण देता येत नाही. त्यानं घरी जाऊन जेवायचं."

धुरपदाबाईंचा चेहरा एकदम उजळला. "मंग चला की! हाकेवर घर हाय. चूल पेटवायला कितीसा येळ लागतोय? ऊठ ओम. सूनबाई, चल."

ओमप्रकाश अर्धवट उठले. राजेश्रीबाईंनी मोबाईल पुढे केला. "साठ लाइक आलेत," त्या हळूच म्हणाल्या. ओमप्रकाश पुन्हा बसले.

"आणि नातं नसेल तर?" त्यांनी हरिओमला विचारलं.

"तर मग प्रश्नच नाही. हा फॉर्म भरा."

फॉर्म छापील होता: 'कर्मचाऱ्याशी कोणतेही नाते नसल्याबाबत.' नोकरीत हजारो कागदांवर सह्या केलेला हात सरावानं चालला. साक्षीदार म्हणून संबंधित कर्मचाऱ्याचीच सही लागत होती. धुरपदाबाईंनी टोपली खाली ठेवली, पदराला हात पुसला आणि एकेक अक्षर जोडत सही केली. मग टोपली उचलली.

"हरिओम, ह्या पाहुण्याला शपथेचा आग्रह माज्याकडून," त्या म्हणाल्या आणि ताटात भाकरी ठेवली. "घ्या पाहुणे. लय वाळलाव. उपाशी उठू नका, माज्या ओमची शपथ हाय तुमाला."

ओमप्रकाशांनी तीन भाकरी खाल्ल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ठेचा तिखट असल्याचं राजेश्रीबाईंना सांगण्यात आलं. निघताना ओमप्रकाशांनी अभिप्रायात पाचपैकी पाच तारे दिले आणि लिहिलं, 'अगदी घरच्यासारखं!'

हरिओमनं त्यांचा फॉर्म एका जाडजूड फायलीत अडकवला.

"एवढे?" ओमप्रकाशांनी विचारलं.

"ही फक्त या आठवड्याची, साहेब."

केंद्रात सध्या नव्या मायांची भरती चालू आहे. आजूबाजूच्या गावांतूनच नव्हे, पार लांबलांबून अर्ज आलेत. निवड झालेल्यांची यादी फाटकावर लावली आहे. वाचकांनी सवडीनं जाऊन ती एकदा पाहावी. ओळखीचं नाव आढळल्यास घाबरून जाऊ नये. फॉर्म तिथंच मिळतो.