चौथा पाय कुणाचा

देवगिरीच्या घाटात समोरून एसटी आली, आशाताईंनी रेसवरचा पाय हलका केला, आणि गाडी थांबायच्या ऐवजी उसळली. ब्रेक दाबून त्यांनी ती कशीबशी कठड्याजवळ उभी केली. शेजारी बसलेल्या नवऱ्यानं, बद्रीनाथरावांनी, घाम पुसला.

"चौथ्यांदा," ते म्हणाले. "ब्रेक समजून रेस दाबतेस."

"मी पाय उचलला होता. पेडल आपोआप खाली गेलं."

"भूत बसलंय का त्याच्यावर? पैल्या मोटारींना रेस हातानं देत होते म्हणं. तेच बरं होतं तुला."

"हातानं दिली असती, तरी तुम्ही माझा हातच चुकला म्हणाला असता."

पुंडलिकनगरात पोचेपर्यंत निकाल लागला होता. रविवारी गारखेड्याचे काकासाहेब येऊन गाडी विकत घेऊन जाणार. वेरूळच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायला आशाताईंनी पुन्हा बसनं जायचं. "किल्ली दे," बद्रीनाथराव म्हणाले. आशाताईंनी किल्ली पर्समध्ये टाकली आणि भाजी निवडायला घेतली.

शनिवारी त्या चांदपाशा मेस्त्रीकडे गेल्या. एक ड्रायव्हिंग स्कूल बंद झालं, तेव्हा तिथली ही जुनी गाडी आशाताईंनी घेतली होती. चांदपाशानं ती तिसऱ्यांदा तपासली.

"मॅडम, वायर बराबर, स्प्रिंग बराबर. बुरा मत मानो, पांव का मामला है."

आशाताईंनी वहीतलं पान पुढं केलं. एसटी, म्हैस, उसाचा ट्रक, पुन्हा एसटी. "एकटी असते तेव्हा काहीच होत नाही. चारही वेळा हे शेजारी होते."

"साब बैठे तो गाडी डरती क्या?"

"गाडी नाही घाबरत," आशाताई म्हणाल्या आणि बोलता बोलता थबकल्या. मग इंजिन चालू करून त्या डावीकडच्या सीटवर जाऊन बसल्या. समोरून एसटी येतेय असं मनात आणलं, डोळे मिटले आणि नवऱ्यासारखा उजवा पाय जमिनीत रोवला.

इंजिन डरकाळी फोडून उठलं.

चांदपाशानं जाड मॅट उचलली. खाली पेडल होतं. शिकवणाऱ्या उस्तादासाठी डावीकडं बसवलेल्या तीन पेडलांपैकी क्लच आणि ब्रेक कुणीतरी काढून नेले होते. रेस तशीच राहिली होती, दांडीनं आशाताईंच्या पेडलला जोडलेली.

"म्हंजी साब घाबरले की ब्रेक समजून पाय दाबते," चांदपाशा सावकाश म्हणाला, "गाडी भागती, साब और दाबते."

रविवारी काकासाहेबांसमोर आशाताईंनी मॅट उचलून दाखवली. काकासाहेब इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. बद्रीनाथरावांनी वाकून पेडल हातानं दाबून पाहिलं.

"म्हंजी महिनाभर गाडी मीच चालवत होतो," ते म्हणाले. "तरी धडक नाय झाली, ते बघ."

"ब्रेक मी लावत होते, म्हणून नाही झाली. गाडी विकायची नाही. यायचं असेल तर मागं बसा."

चांदपाशानं डावीकडची रेस काढून टाकली. सोमवारी बद्रीनाथराव मागच्या सीटवर, तोंड फिरवून, पण आलेच. घाटात वळणावर एसटी दिसली आणि आशाताईंच्या पाठीत सीटमधून एक पाय कचकन रुतला. गाडी होती त्याच वेगानं, रेषेत चालत राहिली.

एसटी निघून गेली. पुढचा रस्ता मोकळा होता. आशाताईंनी रेस दाबली.

"अगं, अगं, काय झालं?"

"काही नाही," आशाताई म्हणाल्या. "हा माझा पाय."