शेरडांच्या कानातली किल्ली

मोरगावात माझ्यापेक्षा पक्की तिजोरी कुणाकडं असेल तर दाखवा, असं मी छाती ठोकून सांगायचो. कारण माझी नात संस्कृती.

पोरगी बारामतीच्या कॉलेजात. लॅपटॉप चोरीला गेला तरी आतलं कुणाला वाचता येऊ नये म्हणून तिनं अख्खी डिस्कच कुलूपबंद केली. कधी तो बिथरलाच तर उघडायला अठ्ठेचाळीस आकडे. सहा-सहाचे आठ गट. "आबा, हे लॅपटॉपपासून लांब ठेवा," म्हणाली आणि कागद दिला.

कागद उंदीर खातो. माझी शेरडं आठ: सात शेळ्या, एक बोकड. प्रत्येकाच्या कानात बिल्ला, बिल्ल्यावर मी त्यातला सहा आकड्यांचा एकेक गट कोरला. दावणीला बांधायचा क्रम तोच आकड्यांचा क्रम. कागद चुलीत घातला. चोर आलाच तर त्याला आठ शेरडं ओळीत उभी करावी लागतील, आणि ते मला चाळीस वर्षांत जमलेलं नाही!

रविवारी लॅपटॉप दुरुस्तीहून आला तो आकडेच मागू लागला. दुसऱ्या दिवशी अकराला संस्कृतीला वर्षभराचा प्रकल्प दाखवायचा होता आणि तो आत अडकलेला. मी ऐटीत गोठ्यात गेलो. सात गट मिळाले. बोकड जागेवर नव्हता.

आमची कारभारीण सारजा वैरण टाकत होती. "त्यो व्हय? गुरुवारच्या बाजारात दिला की, लासुर्ण्याच्या मोहनरावास्नी. गप्पांच्या नादात तुमीच दोरी हातात दिली त्यांच्या."

मोहनरावांना फोन लावला. त्यांच्याकडं त्याच दिवशी नातवाचं जावळ, पंगती बसलेल्या. बोकडाचा कान तेवढा वाचा म्हणालो, तर त्यांना वाटलं मी सौदा मोडतोय. मी काकुळतीला आलो तसा त्यांचा संशय वाढला. कानात सोनंबिनं दडवलंय का, म्हणून विचारू लागले. शेवटी संस्कृतीनं फोन घेतला.

"आजोबा, माझं वरीस वाया जाईल ओ."

पलीकडं मोहनराव नरमले. म्हणाले, "पोरी, बोकड पातेल्यात हाय. पर बिल्ला नातवाच्या तोंडात हाय. थांब, काढतो."

लाळ पुसून त्यांनी सहा आकडे वाचले. मागं पोरानं भोकाड पसरलं आणि इकडं लॅपटॉप उघडला.

बिल्ला त्यांनी एसटीच्या कंडक्टरबरोबर धाडला. आता तो दोऱ्यात ओवून माझ्या गळ्यात आहे, सारजानंच बांधला. एवढा माझ्यावर विश्वास, म्हणून मी जरा फुगलो.

"इश्वास कसला," सारजा म्हणाली. "शेरडं आज ना उद्या इकली जातील. तुमाला बाजारात कोण घेतंय?"