पहिली फळी कोणी ठोकायची

पूल उभा राहिला तर हासिबकाकांना आलुबुखाराची अख्खी बाग मिळणार होती. बाग त्यांचीच, पण नदीपलीकडे. रस्त्याने वळसा घालून जायचं तर अर्धा दिवस जायचा आणि परतताना गुडघे संपावर जायचे. फळं पिकायला आली होती. या आठवड्यात पूल झाला नाही, तर यंदाचं पीक पाखरांचं.

पलीकडच्या काठावर स्तानाबाई राहायच्या. त्यांना लागणारं वाण्याचं दुकान, दवाखाना सगळं अलीकडे. युद्धात दोन्ही काठ एकमेकांविरुद्ध लढले, तेव्हासुद्धा या दोघांचं बोलणं तुटलं नव्हतं. ते तुटलं पुरानं पुलाच्या फळ्या नेल्यावर. पहिली फळी जो ठोकील, गरज त्याची ठरणार; म्हणून दोघंही आपापल्या काठावर निवांत असल्यासारखे बसून होते.

शेवटी काकांनी सारायेवो शहरातल्या एका तरुण मंडळाला पत्र लिहिलं. दोन काठांत सलोखा व्हावा म्हणून पूल हवा, असं कळकळीनं लिहिलं. बागेचा उल्लेख तेवढा राहून गेला.

मंडळाची मुलं फळ्या-खिळे घेऊन आली आणि अलीकडे तंबू ठोकून राहिली. शुक्रवारी मंडळाला पैसे देणारे पाहुणे पाहणीला येणार होते. तोवर पूल झाला नाही, तर फळ्या पुढच्या गावाला जाणार होत्या.

मुलांची म्होरकी बेल्मा. तिनं हातोडा उचलला तोच काका म्हणाले, "आधी कॉफी."

"काका, आत्ताच घेतली."

"ती तंबूत. माझ्या दारात कुठे घेतलीस?"

कॉफीमागून पातळ कणकेत खिमा भरून भाजलेला बुरेक आला. तो पलीकडून दिसला, तशी स्तानाबाईंनी हाक घातली, "पोरांनो, इकडे या. कणीक चघळून कुणाचं पोट भरतं?"

मुलं कमरेएवढ्या ओढीच्या पाण्यातून पलीकडे गेली; म्हाताऱ्या गुडघ्यांना ते झेपणारं नव्हतं. तिथे भाजलेली कोंबडी होती. मग अलीकडे पाकातला गोड बकलावा झाला, म्हणून पलीकडे आणखी एक कोंबडी पडली. नाही म्हणायची सोय दोन्ही काठांवर नव्हती. दुपारी सगळं मंडळ अक्रोडाखाली घोरत होतं.

गुरुवारपर्यंत हेच चाललं. दोन्ही टोकांना जेमतेम चार फळ्या लागल्या.

"काका, आता खायला घालणं थांबवा," बेल्मा काकुळतीला आली.

"आधी तिला थांबायला सांग."

"मावशी, तुम्ही तरी."

"म्हणजे पोरं माझ्या दारातून उपाशी गेली, असं गावभर सांगायला हा मोकळा."

"मग उद्या फळ्या जातील," बेल्मा म्हणाली, आणि बसल्या जागी तिचाही डोळा लागला.

काकांनी बागेकडे पाहिलं. मुलं झोपलेली पाहून गुपचूप हातोडा उचलला. दोन घाव घातले तर पलीकडूनही ठकठक ऐकू आली. एकट्यानं पूल बांधला म्हणून हा मिरवणार, हे स्तानाबाईंना परवडणारं नव्हतं.

संध्याकाळी दोघं मधोमध समोरासमोर आले. शेवटची फळी काकांच्या हातात, खिळे बाईंच्या ओच्यात.

"बघतोस काय? खिळे हवेत तर तोंडानं माग."

"मला कशाला हवेत? तुलाच दवाखान्यात जायचंय."

"मला फक्त तुझा बुरेक कच्चा असतो, ते जवळून सांगायचं होतं."

"मग दे खिळे. इकडे ये आणि खाऊन सांग."

शुक्रवारी पाहुण्यांनी पुलावर मुलांचा फोटो काढला.

"आम्ही काहीच केलं नाही, नुसते जेवलो," बेल्मा खरं सांगून बसली. पाहुण्यांनी तिच्या विनयाचंही कौतुक केलं.

मंडळाला फोटो मिळाला, मुलांना दुहेरी हनुवट्या. काकांना बाग मिळाली, आणि स्तानाबाईंना रोज येऊन त्यांच्या कॉफीला नावं ठेवायची वाट. या सलोख्याची किंमत पलीकडच्या खुराड्यानं मोजली. तिथे आता एकटा कोंबडा उरला होता, आणि दोन दिवस तो आरवला नाही.