स्वयंपाकघरातला मतदारसंघ

"माझ्या हातात पट्टी द्या, टोस्टच्या कडांइतके सरळ मतदारसंघ आखून दाखवतो!"

विस्कॉन्सिनमधले निवृत्त जमीन-मोजणी अभियंते ऑर्विल टनस्टाड यांनी न्याहारीच्या वेळी ही प्रतिज्ञा केली, तेव्हा त्यांच्या पत्नी आर्डिस यांनी कप खाली ठेवला. ऑर्विलनी प्रतिज्ञा केली की घरात काहीतरी मोडते, असा आजवरचा अनुभव होता.

सत्ताधाऱ्यांनी आपल्या सोयीने काढलेला मतदारसंघांचा जुना नकाशा शेपटी वळवून पळणाऱ्या सरड्यासारखा दिसे. त्याविरुद्धचा दावा संघीय न्यायालयात तीन न्यायाधीशांपुढे होता आणि त्यांनी नागरिकांकडूनही नकाशे मागवले होते.

"मी विधानसभेला उभी आहे, लक्षात आहे ना?" आर्डिसनी विचारले. "उमेदवार त्याच मतदारसंघात राहणारा लागतो."

"मी नकाशात कोणाचंही घर पाहणार नाही!"

"आपलं तरी पाहा रे!"

ऑर्विलनी पाहिले नाही. काउंटीची, म्हणजे तिथल्या जिल्ह्याची, जुनी हद्द धरून त्यांनी रेषा ओढली. न्यायाधीश आजन्म नेमलेले. मते मागायची नसल्याने हसण्याची सवय मोडलेली. तरीही मधल्या न्यायाधीशबाई चक्क हसल्या. नकाशा मंजूर!

ऑर्विल छाती फुगवून घरी आले, तर दारात निवडणूक कार्यालयातल्या प्रुइटबाई उभ्या.

"अभिनंदन! तुमची रेषा तुमच्याच घरातून जाते."

"अशक्य! घर हद्दीच्या अलीकडे आहे."

"घर आहे. स्वयंपाकघर पलीकडे आहे. ते कोणी वाढवलं?"

ऑर्विलना अचानक खोकला आला.

"मी अर्ज भरलाय तो मतदारसंघ तर पलीकडचा!" आर्डिस म्हणाल्या. "मग मी राहते कुठे?"

"जिथे झोपता तिथे, बाई."

"मी न्यायालयात जातो," ऑर्विल पुटपुटले. "घराभोवती एक छोटंसं वळण मागतो."

"शेपटी म्हण, शेपटी! सरड्याची!" आर्डिस कडाडल्या. "मी माघार घेणार नाही आणि रेषा हलू देणार नाही. गादीचं ते टोक धर!"

शेगडी आणि फ्रिज यांच्या मधल्या जागेत एकच खाट मावली. ऑर्विल रेषेच्या अलीकडेच राहिले आणि बायकोला मत देण्याच्या हक्काला मुकले.

तरीही आर्डिस निवडून आल्या! दुसऱ्या सकाळी ऑर्विल स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभे राहून म्हणाले, "आमदारबाई, कॉफी थंड आहे."

"अलीकडच्यांच्या तक्रारी इथे घेत नाही. आपल्या आमदाराकडे जा!"

ऑर्विलनी तावातावाने टोपी चढवली, दारापर्यंत गेले आणि थबकले. त्यांचा आमदार कुठे राहतो, हे त्यांना ठाऊक नव्हते. नकाशा काढताना त्यांनी कोणाचेच घर पाहिले नव्हते!