शब्बाथाच्या यादीत नाव नाही

शुक्रवारी दिवस मावळताना जीवनराव गवईंनी म्हशीपुढे टाकायला घेतलेली कडब्याची पेंढी अर्ध्यातच खाली ठेवली आणि जाहीर केलं, "झालं. शब्बाथ लागला."

"आज शुक्रवार हाय बाबा," मोबाईलमधून मान वर न काढता खुशी म्हणाली.

"म्हणूनच. देवानं नेमलेला सुट्टीचा सातवा दिवस म्हंजे शनवार, अन् दिवस लागते संध्याकाळी. रविवारले शब्बाथ म्हना, असं शास्त्रात कुठीच लिवलं नाही. मी तीन महिन्यापासून पाहून राहिलो."

भातकुलीच्या पोस्टातून निवृत्त झाल्यापासून जीवनराव पवित्र शास्त्र फूटपट्टी लावून वाचत. लिहिलंय तेवढंच मानायचं, त्यापुढे एक अक्षर नाही, हा त्यांचा नेम. एदेन बागेतलं फळ सफरचंद होतं असं कुठेच लिहिलेलं नाही, म्हणून त्यांनी संडे स्कूलच्या भिंतीवरचं चित्र उतरवायला लावलं होतं. बाळ येशूला पाहायला पूर्वेकडून आलेले ज्ञानी तीनच होते असंही लिहिलेलं नाही, म्हणून गेल्या नाताळच्या नाटिकेत अकरा ज्ञानी आले आणि मरियेला बसायला जागा उरली नाही. तेव्हापासून मंडळीतले लोक त्यांना दुरूनच सलाम करत.

जीवनरावांच्या पत्नीची, बेबीताईंची, मात्र पंचाईत झाली. उद्या, शनिवारी तीन वाजता, अमरावतीच्या चर्चमध्ये स्त्रियांची सभा होती आणि संदेश बेबीताईंनी द्यायचा होता. अठ्ठावीस वर्षं त्यांनी या सभेला पोह्यांचं पातेलं नेलं होतं. बोलायला कुणी पहिल्यांदाच सांगितलं होतं. चार कागद लिहून, घडी करून तयार होते. एकची बस चुकली की संपलं.

शनिवारी सकाळी जीवनरावांनी घरात सगळ्यांना ऐकू जाईल अशी मोठ्यानं आज्ञा वाचली. या दिवशी कोणी काम करायचं नाही याची तिथे यादीच होती. पहिला शब्द ‘तू’, तो जीवनरावांनी स्वतःला लावला. यादीत ‘मुलगा’ आला तसं कुंदननं पांघरूण पुन्हा डोक्यावर ओढलं. मुलगी आली तसं खुशीनं हातातला झाडू भिंतीला टेकवला. वेशीच्या आतला परका आला, तेव्हा अकोल्याहून आलेल्या जीवनरावांच्या मोठ्या बहिणीनं, सुंदराबाईंनी, हात वर केला.

"थो परका म्हंजे मी. पाहुनी हाय ना. मले आज कांदाबी सोलता येत नाही, जीवन."

"अन् मी?" बेबीताईंनी हळूच विचारलं.

जीवनरावांनी पुन्हा वाचलं. चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं. "गडी हाय, मोलकरीन हाय, ढोरं हायेत... बायको नाही लिवेल."

"राहून गेलं असन."

"देवाच्या हातून राहून जात नाही, कुंदनची आई. लिवलं तेवढंच."

पुढचं सगळं शिस्तीत झालं. कुंदननं मोटार लावली नाही, कारण बटन दाबणं हेही काम. त्यामुळे दहा वाजता टाकी संपली आणि बेबीताईंनी हापशीवरून चार बादल्या आणल्या. म्हशीला विश्रांती असल्यामुळे तिचं दूध काढायचं नव्हतं. त्यामुळे चहा कोरा झाला. म्हैस मात्र विश्रांतीला तयार नव्हती. तिनं असा हंबरडा फोडला की शेजारची रुख्मिणी कुंपणावरून ओरडली, "काहून वो, म्हैस मारून राहिले का?"

जीवनरावांनी डोळे मिटून विचार केला. "म्हैस नुसती उभी राहते. दूध काढनं हे काढनाऱ्याचं काम हाय. कुंदनची आई, तू काढ."

दूध निघालं तसा सगळ्यांना दुधाचा चहा पाहिजे झाला. विश्रांतीनं भूकही फार लागते. सुंदराबाईंना भरीत सुचलं, खुशीला त्याच्यासोबत ज्वारीची भाकर.

बारा वाजले. बेबीताईंनी वांगी चुलीजवळ ठेवली, हात धुतले, पुसले आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "द्या बरं इकडं शास्त्र. मी वाचतो."

"वाच ना. वाचाले मनाई नाही."

"ही आज्ञा देवानं कोनाले देल्ली?"

"लोकायले. डोंगराखाली उभे होते त्यायले."

"बाया होत्या तिथं?"

"सारेच होते."

"म्हंजे मलेबी देल्ली."

"हो... तसं पाह्यलं तर."

"मंग मी वाचतो." बेबीताईंचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता. "‘तू’ म्हंजे मी. मले सुट्टी. माह्या पोराले सुट्टी. पोरीले, गड्याले, मोलकरनीले, ढोरायले, पाहुन्याले." त्यांनी बोट शेवटपर्यंत नेलं आणि तिथेच थांबवलं. "आता यात नवरा कुठी हाय, दाखवा."

जीवनरावांनी पुस्तक उजेडात नेलं, वळवून पाहिलं.

"नाही लिवेल," सुंदराबाई तोंडाला पदर लावून म्हणाल्या.

"बाई, पन त्याचा मतलब..."

"मतलब कायले काढतो, जीवन? लिवलं तेवढंच!"

जीवनराव नेमाचे पक्के होते. ते उठले.

"पीठ हिरव्या डब्यात हाय," सुंदराबाईंनी बसल्या जागेवरून सांगितलं. "अन् भरताले तेल सैल हातानं घाल."

बेबीताई एकच्या बसमध्ये बसल्या, तेव्हा खिडकीची जागासुद्धा मिळाली.

संध्याकाळी सातला त्या परतल्या. स्वयंपाकघरातलं पीठ अंगणापर्यंत आलं होतं. जीवनराव पायरीवर बसले होते आणि त्यांच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या.

"मी पुढचं वाचलं," ते म्हणाले. "दिवसावरून वाद घालू नये, ज्यानं त्यानं आपल्या मनाची खात्री करावी, असं प्रेषित पौल सांगते. आपला रविवारच बरा."

"तुमची खात्री झाली, बरं झालं."

"संदेश कसा झाला?"

"कागद काढलेच नाही. यादीच वाचली." बेबीताईंनी चपला काढल्या. "पाळकबाईनं तर दोनदा वाचाले लावली."

तेवढ्यात जीवनरावांचा फोन वाजला. अमरावतीच्या चर्चचे पाळकसाहेब, म्हणजे पाळकबाईंचे यजमान, बोलत होते. "सलाम, गवईसाहेब. येत्या शनवारपासून आमच्या घरी तुमचा शब्बाथ सुरू होऊन राहिला. आनखी बावीस घरच्या भावायनं मले इचारलं, म्हणून फोन केला. भाकर फुगली नाही, तर काय करा लागते?"

जीवनरावांनी भाकरीच्या टोपलीकडे पाहिलं. मग ते जरा ताठ बसले.

"हिंमत सोडू नोका, पाळकसाहेब. सहा फुगल्या नाहीत. सातवी फुगली."