शेखररावांचा फुगलेला गाल

नांदुऱ्याच्या शेखररावांना दोन गोष्टींचा भारी गर्व होता. एक म्हणजे त्यांचे दात. आणि दुसरी म्हणजे लग्नाला इतकी वर्षं झाली तरी ते सासुरवाडीला एकदाही रुसले नव्हते!

दातांचं म्हणाल, तर त्यांचं मोटारपंप दुरुस्तीचं दुकान होतं आणि पक्कड हाताशी असूनही हा गडी वायर दातानं सोलायचा. तेही गिऱ्हाईक बघत असताना! "आपले दात म्हंजे लोखंड हाय लोखंड! डाक्टरनं अजून आपलं तोंड पाह्यलं नाई!" असं म्हणून सोललेली वायर अशी काही पुढं करायचे की गिऱ्हाईकालाच आपल्या दातांची लाज वाटावी.

आणि न रुसण्याचा गर्व साडूमुळे आला होता. बायकोची, म्हणजे रूपालीची, थोरली बहीण वंदना. तिचे यजमान भागवतराव हे रुसण्यातले पट्टीचे कलाकार. लग्नात रुसून अंगठी मिळवली, पोराच्या बारशात रुसून कुलर मिळवला, आणि एका वास्तुशांतीत चहा आधी दुसऱ्याला दिला म्हणून रुसले तर थेट मिक्सर घेऊनच घरी गेले! शेखररावांना हे बघून वीट यायचा. भर पंगतीत एकदा त्यांनी सांगून टाकलं होतं, "आपलं तोंड कधी फुगलेलं दिसलं, तं आपल्याले जवाई म्हणू नका!" रूपाली हे वाक्य वंदनाला दर फोनवर ऐकवायची. बहिणीबहिणींत एवढं चालायचंच.

यंदा अधिक महिना आला भर उन्हाळ्यात. धोंड्याचा महिना म्हणजे जावयाचा महिना! जळगाव जामोदहून सासऱ्यांचं, कडूबांचं, आवतन आलं. दोन्ही जावई एकाच दिवशी. तांब्याच्या ताटात तेहतीस अनारसे, वर तुपाचा दिवा, आणि ते ताट जावयाच्या हातात. अनारसे करणार सासूबाई, अन्नपूर्णाबाई. त्यांचा अनारसा म्हणजे ओठानं तुटणारा! गल्लीत कोणाकडे काही कार्य निघालं की पीठ बघायला आधी त्यांना बोलवायचे. रूपाली मदतीला दोन दिवस आधीच माहेरी गेली.

आणि नेमकी आदल्या रात्री शेखररावांची दाढ ठणकली! खरं तर ती तीन महिने कुरकुर करत होती. रूपाली म्हणायची, "अवो, दाखवून घ्या एकदा." हे म्हणायचे, "लोखंडाले कीड लागत नसते!" आता लोखंडानं रात्रभर झोपू दिलं नाही. सकाळी दवाखाना उघडायच्या आधीच हे पायरीवर बसलेले.

डॉक्टर अर्पिता तरुण होत्या, पण हात खंबीर. त्यांनी फोटो काढून पाहिला आणि म्हणाल्या, "अक्कलदाढ आहे. आडवी उगवलीय. काढावी लागेल. पण काढल्यावर घरी जाऊन पडून राहायचं."

"पडून कसं जमन? दुपारी मले धोंडे खायले जाचं हाय!"

"आज अनारसे? विसरा!"

"मॅडम, दाढच काढाची हाय, बोअरमधली मोटर नाई!"

त्यानंतर खुर्चीवर काय काय झालं ते शेखररावांनी कोणाला सांगितलं नाही, म्हणून आपणही तूर्त ते सोडून देऊ. ते बाहेर आले तेव्हा तोंडात कापसाचा बोळा होता, अर्धी जीभ भाड्यानं दिल्यासारखी परकी झाली होती आणि खिशात कागदाच्या पुडीत दाढ होती. बोळा दाबून धरायचा, बोलायचं नाही, थुंकायचं नाही, कडक काही खायचं नाही. सगळ्याला त्यांनी मान डोलावली आणि जळगावची बस धरली. बेत पक्का होता. रूपालीला कळूच द्यायचं नाही! पोचेपर्यंत बधिरपणा उतरेल, गाल जागेवर येईल, एखादा अनारसा चघळू आणि लोखंडाची इज्जत राखू.

पण गालाला हे कोणी सांगितलं नव्हतं. बस जळगावात शिरली तेव्हा तो पुरणपोळीसारखा टम्म फुगला होता!

दारात कडूबा उभेच होते. "या, या शेखरराव! ऊन लागलं का लय?"

शेखरराव गप्प.

"बस भेटली ना येळेवर?"

शेखरराव गप्प. कडूबांनी गालाकडे पाहिलं आणि त्यांच्या हातातला पाण्याचा तांब्या तिथंच थांबला. ते मागं वळून घरात दबक्या आवाजात म्हणाले, "अवं, धाकले जवाई रुसले!"

घरात एकदम धावपळ सुरू झाली. अन्नपूर्णाबाई पदर सावरत आल्या. वंदना आणि रूपाली आल्या. आणि सगळ्यांच्या मागून, जाणकारानं यावं तसे भागवतराव आले. त्यांनी शेखररावांना चारी बाजूंनी न्याहाळलं.

"पक्का रुसवा हाय!" ते म्हणाले. "माह्या अनुभवात असा एकाच गालाचा रुसवा पाह्यला नाई. लय मेहनतीचं काम हाय हे!"

"आं... आ... आही!" शेखरराव दोन्ही हात हलवत म्हणाले. त्यांना म्हणायचं होतं, "रुसलो नाही."

"पाहा! बोलाले बी तयार नाईत."

शेखररावांनी घाईघाईनं मोबाईल काढला, 'दाढ काढली' एवढं टाईप केलं आणि रूपालीसमोर धरलं. तिनं ते मोठ्यांदा वाचलं. मग भागवतराव खो खो हसत सुटले.

"हे जुनं झालं हो शेखरराव! बारशात मी बी पोट दुखते म्हणूनच बसलो होतो!"

रूपालीचे डोळे भरून आले. "तुमच्या दाढेले काय होते? परवापरवा तं वायरा सोलून राह्यले होते. लोखंड हाय म्हनता ना? ताईसमोर काय इज्जत राह्यली माही? एवढंच होतं तं घरीच सांगायचं होतं, काय पाह्यजे ते!"

हे मात्र शेखररावांच्या जिव्हारी लागलं. आपल्या बायकोनंही आपल्याला भागवतराव समजावं! आता पुरावाच दाखवू म्हणून त्यांनी खिशात हात घातला. तेवढ्यात भागवतराव ओरडले, "हात धरा! लग्नातली अंगठी वापस करून राह्यले! मी बी केली होती!"

झालं! कडूबांनी एक हात धरला, भागवतरावांनी दुसरा, आणि दोघांनी मिळून शेखररावांना पाटावर नेऊन बसवलं. कुंकू लावलं, ओवाळलं आणि ते जड ताट त्यांच्या दोन्ही हातांत दिलं. आता ताट टाकल्याशिवाय खिशात हात जाणार नव्हता, आणि वर तर दिवा जळत होता.

कडूबा समोर बसले. "शेखरराव, आमचं काय चुकलं? कापडं घेतली हाय तुमच्यासाठी."

शेखररावांनी जोरजोरात मान हलवली. नाही, नाही, रुसलो नाही!

"कमी पडलं," भागवतरावांनी सांगितलं.

"बरं, कुलर घ्या. भागवतरावायले देल्ला, तुमाले काऊन नाई?"

शेखररावांनी आणखी जोरात मान हलवली. दिवा विझता विझता वाचला.

"कुलरनं भागत नाई म्हन्ते!"

कडूबांनी थोडा विचार केला आणि आपल्या बोटातली अंगठी काढून ताटात अनारशांच्या शेजारी ठेवली. शेखररावांच्या डोळ्यांत पाणीच आलं. सासऱ्याच्या बोटातली अंगठी! ते तसेच भरल्या डोळ्यांनी मान हलवत राहिले.

भागवतराव भारावून गेले. "रडून बी दाखवते! एवढं मले कधी जमलं नाई! मामाजी, आता म्हैसच काढा गोठ्यातून!"

कडूबांचा चेहरा पडला. ती म्हैस म्हणजे त्यांचा जीव होता. दोन्ही वेळा धार ते स्वतः काढायचे आणि आजारी पडले तर आपल्याआधी तिची विचारपूस करायचे. त्यांनी एकदा गोठ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "घेऊन जा. पोरीचा संसार म्हशीहून मोठा हाय."

आता काहीतरी करणं भाग होतं! खाऊन दाखवलं की रुसवा गेला, एवढं तर सगळ्यांना कळतं. शेखररावांनी ताट मांडीवर ठेवलं, एक अनारसा उचलला आणि डॉक्टरांचं सगळं बोलणं गुंडाळून ठेवून सरळ तोंडात घातला.

"खाल्लं! खाल्लं!" घरात आनंदीआनंद झाला. अन्नपूर्णाबाईंनी हात जोडले.

पण अर्ध्या तोंडाला काही कळतच नव्हतं. दात अनारशावर पडले की जिभेवर, बोळा गिळतोय की अनारसा, काही पत्ता लागेना. ठसका लागला, तसे सगळेच पाणी आणायला आत धावले. अर्धा अनारसा, बोळा आणि थोडं रक्त असं सगळं रुमालात आलं. आता तरी समजावून सांगू म्हणून त्यांनी मोकळ्या हातानं खिशातली पुडी काढली, सोडली आणि ती भली मोठी, वाकड्या मुळांची दाढ ताटात अनारशांवर ठेवली.

नेमक्या त्याच वेळी शेजारच्या गोजरबाई दारातून आत आल्या. त्यांनी पाहिलं ते एवढंच: अर्धवट चावलेला अनारसा, रक्त आणि दाढ.

"अवं माय! अनारश्यानं जवायाची दाढ उपटली!"

पाण्याचा तांब्या घेऊन आलेल्या अन्नपूर्णाबाई मटकन खाली बसल्या.

"अवं अन्नपूर्णा, पिठात सिमेट घातलं का वं?" गोजरबाईंनी विचारलं, आणि उत्तराला न थांबता ही बातमी द्यायला त्या ओट्यावर गेल्या.

इकडे घरातली हवा क्षणात पालटली. "पाह्यलं?" भागवतराव शेखररावांच्या पाठीवर थाप मारत म्हणाले. "लोखंडाचा दात तुटला, म्हंजे अनारसा काय चीज असन! अन् गड्यानं हूं का चूं केलं नाई!" रूपालीनं पदरानं त्यांचं तोंड पुसलं. वंदनाही मान खाली घालून उभी राहिली. कडूबा बायकोवर कडाडले, "जवाई मारता का आता?"

बघा, शेखररावांनी फक्त गप्प बसायचं होतं! दातांची इज्जत वाचली होती. रुसव्याचा डाग धुतला होता. अंगठी ताटात होती, म्हैस गोठ्यात वाट बघत होती. आणि गप्प बसण्याचा तर डॉक्टरांचाच हुकूम होता!

पण अन्नपूर्णाबाई चुलीजवळ जाऊन बसल्या होत्या. पिठाचं भांडं त्यांनी पालथं घातलं होतं. "आता या हातानं अनारसा करन नाई," त्या कोणाकडेही न बघता म्हणाल्या. "लोकाइच्या घरी पीठ पाह्याले जात होती मी. आता कोन्त्या तोंडानं जाऊ?"

शेखररावांना फार वाईट वाटलं. दाढ निघताना दुखलं नव्हतं तेवढं आता दुखलं. या बाईनं आपल्यासाठी उन्हाळ्यात चुलीपुढं दोन दिवस काढले होते. त्यांनी एक मोठा श्वास घेतला, मोबाईल काढला, डॉक्टरांचा नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि फोन सासूबाईंपुढं धरला.

"हॅलो! शेखरराव ना?" डॉक्टरांचा खणखणीत आवाज आला. "बोलू नका तुम्ही! जवळ कोणी आहे का?"

"हाव बाई, मी त्यायची सासू," अन्नपूर्णाबाई कशाबशा म्हणाल्या. "दाढ... दाढ कोनं काढली?"

"मी काढली, मावशी! सकाळी."

"अनारश्यानं नाई तुटली?"

"अनारशानं कशी तुटेल? अर्धा तास लागला मला! त्यातही निम्मा वेळ त्यांना खुर्चीत बसवण्यात गेला. सुई बघितली आणि काय ओरडले हो! खालच्या हॉटेलातले लोक वर आले, म्हणाले मारामारी झाली का! माझा हात सोडेनात. 'रूपालीले बलवा, रूपालीले बलवा' म्हणून रडत होते. रूपाली कोण?"

वंदनानं तोंडावर पदर धरला. रूपाली मात्र हसली नाही. ती येऊन शेखररावांच्या अगदी जवळ बसली.

"बाई," अन्नपूर्णाबाई ताठ उभ्या राहिल्या, "मी फोन ओट्यावर नेते. दाढ कोनं काढली ते अजून एक खेप सांगा. जरा जोऱ्यानं! गोजरबाईले ऐकू आलं पाह्यजे!"

डॉक्टरांनी सांगितलं. सुईसकट सगळं सांगितलं! ओट्यावर जमलेली अर्धी गल्ली हसून हसून लोळली, आणि अन्नपूर्णाबाईंनी भरल्या मनानं पिठाचं भांडं सरळ केलं.

"म्हंजे शेखरराव रुसलेच नव्हते!" कडूबांना एकदम हुशारी आली. त्यांनी ताटातली अंगठी उचलून आपल्या बोटात घातली आणि म्हशीला चारा टाकायला गोठ्याकडे गेले. जाताना गुणगुणत होते. कुलरचा विषय कोणी पुन्हा काढला नाही.

पंगत बसली. शेखररावांपुढं गार दुधाची वाटी आली. "कडक काई देऊ नका म्हनलं डाक्टरीनबाईनं," अन्नपूर्णाबाई मायेनं म्हणाल्या. आणि त्यांचं ताट? वाण वाया जायला नको म्हणून तेही भागवतरावांपुढं सरकलं! दाढ तेवढी आधी बाजूला काढली. भागवतराव एकेक अनारसा ओठानं तोडत डोळे मिटून म्हणत होते, "वा! वा! अजून तूप आना!"

शेखररावांना हे बघवेना. त्यांनी दुधाची वाटी तशीच ठेवली, उठले, बाहेर बाजेवर जाऊन बसले आणि भिंतीकडे तोंड केलं. आयुष्यात पहिल्यांदा ते रुसले होते. अगदी मनापासून!

पाच मिनिटं गेली, दहा गेली. कोणी आलं नाही. एकदा रूपाली दारात आली, पण कडूबांनी तिला अडवलं. "जाऊ नको वं! रुसले नाईत ते, गाल सुजला हाय. पडू दे बिचाऱ्याले!"

शेखररावांनी एक उसासा सोडला, दाराकडे मान वळवली आणि चांगला असलेला गालही, जमेल तेवढा, फुगवून पाहिला.

"अवं माय!" आतून अन्नपूर्णाबाईंचा आवाज आला. "दुसरीकून बी सूज चढली! बरफ आना कोनी!"