शिडीवरची रेघ

धाकट्या बाई लेकीला लस टोचून घेऊन घरी आल्या, तेव्हा सासूबाई जेवणाच्या टेबलावर वाकून काहीतरी खोडत होत्या. टेबलावर खोडरबराचा काळपट चुरा, शेजारी खोडरबर ठेवायची उघडी पत्र्याची डबी आणि सासूबाईंच्या मनगटाखाली एक जाड, पांढरा कागद. तो कागद कुठला हे ओळखायला धाकट्या बाईंना एक क्षण लागला. तेवढाच काय तो त्या दिवसातला शेवटचा निवांत क्षण.

"आलीस का? एक झालं," सासूबाई म्हणाल्या. "तीन राहिलीत. हात भरून आला बाई, ती संध्याकाळी करते."

धाकट्या बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. कडेवरची लेक घरंगळत खाली उतरली, तेही त्यांना कळलं नाही.

वाचनालयात दोन बाई होत्या. मोठ्या बाई म्हणजे ग्रंथपाल. त्यांच्या चपला वाजल्या की वाचक पान उलटायचंसुद्धा थांबत. धाकट्या बाई त्यांच्या हाताखाली, बाळंतपणाच्या रजेवरून परतून वर्ष होत आलेल्या. त्या रजेत, एका हातावर लेक झोपलेली आणि दुसऱ्या हातात फोन अशा बैठकीत, त्यांना एक चित्रकथा सापडली होती. उंच क्रेन चालवणारी आई आणि खालून मान वर करून तिची वाट बघणारी मुलगी. शब्द एकही नाही. एका पानावर तर नुसती शिडी: आई एकेक पायरी उतरतेय आणि शेवटच्या चौकटीत मुलीचे वर केलेले दोन हात. ते पान बघून धाकट्या बाई रडल्या होत्या, तेही लेक जागी होऊ नये म्हणून आवाज न करता, जे भलतंच अवघड काम आहे. मग एकाचं बोट धरून दुसरा, दुसऱ्याचं धरून तिसरा असे कितीतरी चित्रकार त्यांना भेटत गेले. कुणी नुसती जिन्यात बसलेली माणसं काढायची, कुणी स्वतःच्या विसरभोळ्या वडिलांच्या चार-चार चौकटींच्या गोष्टी करायचा. आपल्याच काळात, आपल्यासारख्याच भाड्याच्या खोल्यांत बसून माणसं हे काढताहेत आणि आपल्याला पत्ताच नाही, याची त्यांना लाजच वाटली होती.

कामावर परतल्यावर त्यांनी मोठ्या बाईंच्या मागे लागून चित्रकथांसाठी एक कपाट मिळवलं. पण अटीवर. प्रदर्शन भरवायचं, लोक आले तर कपाट राहील, नाहीतर तिथे परीक्षांची गाइडं जातील. चित्रं बघायला वाचनालयात कोण तडमडतंय, असं मोठ्या बाईंचं मत होतं. मूळ पानं कुणालाही न देणाऱ्या क्रेनवाल्या चित्रकाराला धाकट्या बाईंनी पत्र धाडलं: चित्र कसं घडतं ते लोकांना दिसू दे, पेन्सिलीच्या रेघांसकट पानं पाठवा. त्याने चार पानं पाठवली. वाचनालयात रंगकाम चालू होतं म्हणून घरी मागवलेली ती पानं आज सकाळीच आली होती. प्रदर्शन उद्या होतं. त्याचं नाव होतं 'पेन्सिलीपासून शाईपर्यंत'.

आणि शिडीच्या पानावर आता पेन्सिल औषधालाही उरली नव्हती.

"आई, त्या रेघाच तर दाखवायच्या होत्या," धाकट्या बाई कशाबशा म्हणाल्या.

सासूबाईंनी तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली होती आणि शाईखालून पेन्सिल डोकावली की अर्धा गुण कापला होता. त्यांनी सुनेकडे चष्म्यावरून बघितलं.

"त्या घाण रेघा? चार लोकांत तुझी शोभा होऊ नये म्हणून बसले मी. आणि या चित्रकार मुलाचं काही खरं नाही हं. हात चांगला आहे, पण पेन्सिल शाईच्या वर फिरवलीय त्याने. असं कोण काढतं?"

ते ऐकायला सून जागेवर होती कुठे? ती फोन लावत होती. चित्रकाराचा फोन बंद. पुन्हा लावला, पुन्हा बंद. तेवढ्यात त्याचा निरोप मात्र दिसला, सकाळीच आलेला: 'एरवी कुठे जात नाही, पण उद्या येतोय. बसमध्ये आहे.'

नवरा घरांचे नकाशे काढायचा. तो आला तेव्हा त्याची बायको पानासमोर हात जोडल्यासारखी बसली होती. पार्सल उघडल्या उघडल्या तिने मैत्रिणीला पाठवायला पानाचा फोटो काढला होता. त्यात सगळ्या रेघा स्पष्ट दिसत होत्या. फोटो बघून रेघा परत काढायच्या, ही कल्पना नक्की कोणाची यावर त्या दोघांचं अजून एकमत नाही.

"पट्टी देऊ?" नवरा म्हणाला.

"अरे, बाई आहे ती. भिंत नाहीये."

"मग तूच काढ. मी फोन धरतो."

धाकट्या बाईंनी श्वास धरून पेन्सिल टेकवली. खांदा जमला. कंबर जमली. कोपरापाशी हात थरथरला, पण मूळची रेघही थरथरलेलीच होती, त्यामुळे ते खपून गेलं. दुसऱ्याचं प्रेमाने घडलेलं काहीतरी आपण चोरून पुन्हा घडवतोय, या विचाराने कानशिलं तापली होती. शेवटच्या चौकटीत आईचं पाऊल तेवढं उरलं. आणि नेमकी त्याच वेळी, टोचलेला दंड दुखतोय हे आठवून लेक भोकाड पसरत आली आणि आईच्या मांडीवर चढली.

रेघ पावलापासून सुटली ती शिडी ओलांडून, चौकट ओलांडून, थेट खाली मुलीच्या हातांपर्यंत गेली.

धाकट्या बाई हळूच म्हणाल्या, "आई, तुमचा तो खोडरबर..."

सासूबाईंनी डबी मिटली आणि पदराखाली घेतली. "मघाशी खोडलं तर तोंड एवढंसं झालं होतं. आता मी नाही बाई हात लावायची. आणि तुझ्या हाती तर मुळीच द्यायची नाही, शाई उडवशील." घरातला दुसरा खोडरबर गुलाबी होता, त्याला कुल्फीसारखी काडी होती आणि लेकीने तो चावून अर्धा केला होता. तो कागदाला लावायची हिंमत कोणाला झाली नाही. रेघ राहिली.

दुसऱ्या दिवशी वाचनालयात माणसं आली. खरोखर आली. खुर्च्या कमी पडल्या आणि मोठ्या बाईंनी स्वतःच्या खोलीतली खुर्ची बाहेर काढायला सांगितली, जे आजवर घडलं नव्हतं. धाकट्या बाईंना ते दिसतही नव्हतं. त्यांचा जीव दाराशी टांगलेला होता. सासूबाई नातीला घेऊन कोपऱ्यात बसल्या होत्या, पर्स घट्ट धरून.

चित्रकार आला. पोरगेलासा, मोठ्या बॅगेचा, कुणाच्या डोळ्यांत न बघणारा. तो एकेक पान बघत शिडीपाशी आला. तिथे वर्तमानपत्रातले एक समीक्षक आधीच उभे होते आणि भोवतालच्यांना समजावत होते. "ही रेघ बघा. पाऊल जमीन शोधतंय, पण रेघ आधीच लेकरापर्यंत पोचलीय. सगळी कथा ह्या एका रेघेत आहे."

चित्रकाराने रेघ बघितली. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"ताई," तो धाकट्या बाईंना म्हणाला, "जरा बाजूला येता?"

मासिकांच्या कपाटामागे गेल्यावर धाकट्या बाईंनी रात्रभर घोकलेलं वाक्य तोंडात आणलं. पण चित्रकारच आधी बोलला.

"माझं चुकलं. तुम्ही पेन्सिलीसकट पानं मागितलीत. माझ्या पानांवर पेन्सिल नसतेच. मी दुसऱ्या कागदावर रेखाटतो, तो काचेवर ठेवून खालून दिवा लावतो आणि वरच्या कागदावर नुसती शाई. पण तुमचं पत्र इतकं... नाही म्हणवेना. म्हणून शाई वाळल्यावर वरून पेन्सिल काढली. चारही पानांवर." त्याने घाम पुसला. "आता ते समीक्षक एवढं बोलताहेत, आणि ती लांब रेघ तर मी काढल्याचं मला आठवतही नाहीये. डोकं फिरलंय का माझं?"

धाकट्या बाईंनी कपाटाला हात टेकला. मग सगळं सांगून टाकलं: खोडरबर, फोटो, लेकीचा दंड.

तो कपाटाच्या कडेने वाकून शिडीच्या पानाकडे बघत राहिला. धाकट्या बाईंनी मनातल्या मनात कपाट रिकामं करून त्यात गाइडंही लावून टाकली.

"खोडलं कोणी?" त्याने विचारलं. "शाई जराही उडाली नाहीये. मला हे कधीच जमत नाही, म्हणून तर मी दिव्याची काच घेतली."

बाहेर आल्यावर धाकट्या बाईंनी कोपऱ्यातल्या सासूबाईंकडे बोट दाखवलं. चित्रकाराने समीक्षकांपाशी जाऊन खरं काय ते सांगितलं, आणि समीक्षक म्हणाले की त्यांना तशी शंका आलीच होती. मग तो कोपऱ्यात गेला आणि सासूबाईंसमोर वाकला. बाकीच्या पानांवरचंही खोटं तेवढं काढून द्याल का, लोकांसमोरच, असं काहीसं तो म्हणाला. सासूबाईंनी पर्स उघडली. डबी आत होतीच.

मोठ्या बाई "अहो, अहो" करत धावल्या, पण तोवर भोवती रिंगण झालं होतं आणि त्यांना मागे टाचा उंचावून उभं राहावं लागलं. सासूबाई हलक्या हाताने खोडत होत्या, डबीतल्या छोट्या ब्रशने चुरा झाडत होत्या, आणि धुरकट रेघांखालून शाई अशी काळीभोर वर येत होती की एका पोराने श्वास रोखला. तीन पानं झाली. चौथं, शिडीचं, समोर आलं. सुनेने काढलेला खांदा गेला, कंबर गेली, थरथरलेलं कोपर गेलं. लांब रेघेपाशी खोडरबर थांबला.

"ती पण काढा ना, आजी," चित्रकार म्हणाला.

सासूबाईंनी मांडीवर पेंगणाऱ्या नातीकडे बघितलं, मग पानाकडे.

"बाकीच्या सगळ्या बघून बघून काढलेल्या. ही तेवढी आपली आपण आलीय." त्यांनी डबीचं झाकण लावलं. "अर्धा गुण कापते. पण राहू दे."